पायाला मुंग्या, टीबीची गोळी आणि आपल्याच पेशीतला एक जुना जंतू

मिरजेत माझं छोटं मेडिकल आहे. आता मिरजेत मेडिकल असणं म्हणजे काय विशेष नाही, इथं चार पावलांवर दवाखाना आणि दोन दवाखान्यांच्या मध्ये मेडिकल असतंच, कर्नाटकातनं पण पेशंट येतात त्यामुळं निम्मा दिवस माझं मराठी-कानडी मिक्स चाललेलं असतं. तर गेल्या वर्षी एक मावशी यायच्या, साध्या औषधांना दाद न देणारा टीबी झालेल्या. त्या टीबीच्या गोळ्या सरकारकडनं फुकट मिळतात, माझ्याकडं त्या फक्त बी-सिक्स व्हिटॅमिन न्यायला यायच्या. एक दिवस आल्या आणि बघतो तर पायात एकच चप्पल. दुसरी खाली पायरीवरच निसटून राहिलेली आणि यांना पत्ताच नाही. म्हणल्या, "दादा, तळपायाला कापूस गुंडाळल्यागत वाटतंय, चप्पल हाय का नाय तेबी कळत नाय. रातच्याला मुंग्या येत्यात नुसत्या."

मी म्हणलं गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका पण आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. दाखवलं, डॉक्टरांनी त्यातल्या लिनेझोलिडचा डोस निम्मा केला. पण पुढच्या खेपेला मावशींनी मला काउंटरवर धरलं. गोळी जंतू मारायची ना, मग ती माझ्या पायावर का उठली?

मी काय सांगितलं, तर "साइड इफेक्ट हो मावशी". म्हणजे काहीच नाही सांगितलं. रात्री शटर ओढल्यावर मलाच ते लागून राहिलं, कारण याचं खरं उत्तर आहे आणि ते कॉलेजात मी पाठ केलं होतं. ती गोळी चुकलेली नसते. तिला आपल्या पेशीच्या आत एक जण दिसतो जो तिच्या हिशोबानं जंतूच असतो, आणि तिचं तसं अगदीच चूक पण नाही.

तो म्हणजे माइटोकॉन्ड्रिया. शाळेच्या पुस्तकात तंतुकणिका, "पेशीचं ऊर्जाकेंद्र", एक मार्क, विषय संपला. (तंतुकणिका हे नाव मात्र झकास आहे, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पण हाच, धागा आणि कण.) शाळेत जे सांगत नाहीत ते असं की या तंतुकणिकेत स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि ती स्वतःची प्रथिनं म्हणजे प्रोटीन स्वतःच्या मशीनवर बनवते, बाकीच्या पेशीला न विचारता. म्हणजे अगदी न विचारता नाही, त्यावर पुढं येतो.

हा डीएनए १९६३ मध्ये मार्गिट आणि सिल्व्हन नास या जोडप्यानं कोंबडीच्या गर्भाच्या पेशीत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला, बारीक धागे. पेशीकेंद्रक सोडून बाहेर डीएनए कसा काय, तर त्याचं पटणारं उत्तर असं की साधारण दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी एक जंतू दुसऱ्या पेशीच्या आत शिरला आणि पचला नाही, तिथंच राहिला. लिन मार्ग्युलिस या बाईंनी १९६७ मध्ये हे ठासून मांडलं, त्याआधी बऱ्याच जर्नलांनी त्यांचा पेपर परत पाठवला होता. आज त्यावर कुणी वाद घालत नाही. आत राहता राहता त्या जंतूची बहुतेक जनुकं हळूहळू पेशीकेंद्रकात गेली आणि त्याच्याकडं उरलं ते एवढंसं, माणसात १६,५६९ अक्षरं. पेशीकेंद्रकात तीनशे कोटींच्या वर अक्षरं असतात त्यापुढं हे म्हणजे पोथीपुढं एसटीचं तिकीट. या तिकिटावर जनुकं ३७. त्यातली १३ प्रोटीनची, २२ टीआरएनएची (प्रोटीनचा कच्चा माल वाहणारे रेणू) आणि २ रायबोझोमच्या आरएनएची (रायबोझोम म्हणजे प्रोटीन बनवायचं मशीन, आरएनए म्हणजे डीएनएवरनं निघालेली कॉपी).

१३ म्हणजे किती कमी ते बघा. तंतुकणिकेत एकूण प्रोटीनचे प्रकार हजार-अकराशे. म्हणजे नव्व्याण्णव टक्के माल बाहेरनं येतो. आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा होतो तसंच हे. भोपळा येतो पंढरपूरकडनं, लाकूड बाहेरचं, तारा बाहेरच्या, पण जवारीचं, म्हणजे तारेचा सूर घुमवायचं, काम इथंच होतं, कारागीर तारेखालची घोडी घासत, तार छेडत छेडत कानानं करतो, ते काही कुरियरनं येत नाही. तंतुकणिकेचे ते १३ भाग म्हणजे जवारी. संख्येनं किरकोळ, पण ते नसले तर बाकीचा तंबोरा नुसता भोपळा.

हे १३ भाग जातात कुठं, तर वीज बनवायच्या यंत्रात. खाल्लेल्या भाकरीतनं निघालेले इलेक्ट्रॉन चार मोठ्या यंत्रांतनं पुढं जातात, त्यातल्या तिघांच्या जोरावर प्रोटॉन आतल्या पडद्याच्या पलीकडं ढकलले जातात, तिकडं ते साठतात, आणि परत येताना एक चाक फिरवतात त्यातनं एटीपी, म्हणजे पेशीची वीज, बनतं. आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, कोयनेत पाणी अडवायचं आणि बोगद्यानं खाली पोफळीला सोडून टर्बाइन फिरवायचं, तेच. १३ पैकी ७ भाग पहिल्या यंत्रात (त्या यंत्राचे एकूण भाग ४५), १ तिसऱ्यात, ३ चौथ्यात आणि २ त्या फिरत्या टर्बाइनमध्ये. प्रोटॉन ज्या फटीतनं शिरून चाकाला धक्का देतो ती फट एटीपी-६ नावाच्या घरच्या भागाशिवाय होत नाही. दुसरं यंत्र पूर्ण बाहेरच्या मालाचं आहे.

मग एवढे १३ तरी कशाला ठेवले, ते पण पाठवायचे केंद्रकात, एक झंझट कमी. याच्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही पण एक कारण बहुतेकांना पटतं, हे भाग लय तेलकट आहेत. बाहेर बनणारं प्रोटीन आत येतं कसं, तर त्याच्या शेंड्याला पत्त्याची चिठ्ठी असते, आणि ते घडी उलगडून, सुईच्या नेढ्यातनं दोरा जावा तसं पडद्यातल्या दारातनं सरकतं, आत गेलं की चिठ्ठी कापतात आणि मग घडी पडते. आता सीओएक्स-१ नावाचं घरचं प्रोटीन बघा, ते पडद्यातनं १२ वेळा आरपार जातं, म्हणजे त्याचे १२ तुकडे पाण्याला तोंड न दाखवणारे. मिसळीची तर्री कशी पाण्यात मिसळत नाही, वरच तरंगते, तसं हे बाहेरच्या पाण्यात बनलं तर तिथंच गोळा होणार किंवा भलत्याच पडद्यात जाऊन चिकटणार. म्हणून जिथं बसवायचं तिथंच बनवायचं. आणि खरंच तसं होतं, तंतुकणिकेचं रायबोझोम आतल्या पडद्याला चिकटूनच बसलेलं असतं आणि प्रोटीन बाहेर पडता पडता थेट पडद्यात शिवलं जातं, मधे पाण्यात तरंगायला वेळच मिळत नाही.

आता बनतं कसं. हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण यात काटकसर इतकी आहे की गावाकडची आजी पण बघून खूश होईल.

पहिली गोष्ट, केंद्रकात एकेका जनुकाची वेगळी कॉपी निघते. इथं तसं नाही, डीएनएच्या गोल दोरीच्या दोन पदरांची प्रत्येकी एकच लांबलचक आरएनए कॉपी निघते. मग तुकडे कुठं करायचे, तर ऊस डोळ्यासमोर आणा, कांडं, मग गाठ, मग कांडं, मग गाठ. यात प्रोटीनची जनुकं ही कांडी आणि बहुतेक ठिकाणी दोन कांड्यांच्या मध्ये टीआरएनएचं जनुक ही गाठ. टीआरएनएची घडी आपोआप पडते, ती दिसली की कापणारी एंझाइमं बरोबर तिच्या दोन्ही बाजूंना वार करतात. कांडी सुटी झाली आणि गाठी पण वाया गेल्या नाहीत, त्या स्वतःच कामाच्या. कॅम्ब्रिजमध्ये १९८१ साली हा पूर्ण डीएनए वाचून झाला आणि त्याच वर्षी ही गाठींची कल्पना पण मांडली गेली.

दुसरं, जागा वाचवायची म्हणून काही जनुकांनी पूर्णविरामच अर्धा ठेवलाय. प्रोटीन कुठं थांबवायचं ते सांगायला यूएए अशी तीन अक्षरं लागतात, तर काही कांड्यांच्या शेवटी नुसतं यू असतं नाहीतर यूए. बाकीचं? कापून झाल्यावर आरएनएच्या शेपटीला एएएए अशी लांब ओळ जोडतात, त्यातनं पूर्णविराम पूर्ण होतो. म्हणजे वाक्य लिहिताना टिंबाची शाई वाचवली. आणि एटीपी-८ व एटीपी-६ ही जनुकं तर एकमेकांवर चढलेली आहेत, ४६ अक्षरं दोघांत कॉमन, एक जण एका ठेक्यात वाचतो तर दुसरा एक अक्षर सरकून दुसऱ्या ठेक्यात. त्या दोघांची कॉपी एकत्रच राहते, आणखी एका जोडीचं पण तसंच, म्हणून प्रोटीन १३ असली तरी कॉप्या ११.

तिसरं म्हणजे भाषा. शाळेत शिकवतात की जनुकांची भाषा सगळ्या जिवांत एकच. १९७९ मध्ये कॅम्ब्रिजच्या लोकांनी माणसाच्या तंतुकणिकेच्या डीएनएचा काही भाग वाचला आणि कळलं की नाही, हिची बोली वेगळी आहे. बाहेर पेशीत यूजीए म्हणजे थांबा, हिच्यात यूजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन जोडा आणि पुढं चला. बाहेर एयूए म्हणजे आयसोल्यूसिन, हिच्यात मेथिओनिन. मला याचं नवल वाटलं नाही, माझ्या दुकानात हे रोज होतं. आपल्याकडं "बा" म्हणजे बाप, आणि अथणीकडचा माणूस "बा" म्हणला की त्याचा अर्थ "ये". अक्षर तेच, काउंटरच्या कुठल्या बाजूला उभं आहात त्यावर अर्थ. आणि या बोलीमुळं एक गंमत झाली, हिची जनुकं आता जशीच्या तशी केंद्रकात नेऊन चालत नाहीत, बाहेरचं रायबोझोम पहिल्या यूजीएलाच थांबणार आणि अर्धवट तुकडा हातात देणार.

मग टीआरएनए, हे हमाल. प्रत्येकाच्या पाठीवर एक अमिनो आम्ल, ते रायबोझोमवर आणायचं, तीन अक्षरं जुळली की माळेत ओवायचं. बाहेर पेशीत या कामाला तिसाच्या वर प्रकारचे हमाल लागतात, हिच्यात २२ मध्ये भागतं, कारण बरेच हमाल तिसऱ्या अक्षराकडं बघतच नाहीत, एकच हमाल चार पत्त्यांवर माल टाकतो. मार्केट यार्डात असा गडी सापडला तर व्यापारी डोक्यावर घेऊन नाचतील.

आणि रायबोझोम. जंतूच्या रायबोझोममध्ये दोन भाग आरएनए आणि एक भाग प्रोटीन असतं साधारण, आपल्या तंतुकणिकेच्यात हे उलटं झालंय, आरएनए झिजून झिजून कमी झाला आणि वरनं प्रोटीनचं लिंपण चढलं, जवळजवळ ८० प्रोटीन. २०१४-१५ मध्ये अतिथंड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं त्याचा बारीक फोटोच मिळाला, केंब्रिजमध्ये वेंकटरामन रामकृष्णन यांच्या लॅबनं (तेच, बडोद्यात शिकलेले, २००९ चं नोबेल रायबोझोमवरच मिळालेले) आणि झ्युरिकमध्ये नेनाद बान यांच्या लॅबनं. फोटोत दिसलं काय, तर जंतूच्या रायबोझोममध्ये एक छोटा आधाराचा आरएनए असतो तो इथं गायबच, आणि त्या जागेवर कोण उभा, तर एक हमाल, व्हॅलिन वाहणारा टीआरएनए. म्हणजे खांब नव्हता म्हणून हमालालाच खांब करून उभा केला. डुकराच्या पेशीत तिथं दुसरा हमाल उभा असतो, फिनाइलअॅलानिनचा. जो हाताशी मिळाला तो.

मघाशी म्हणलं ना न विचारता नाही, ते हे. त्या ८० प्रोटीनपैकी एक पण घरचं नाही, सगळी केंद्रकाच्या जनुकांवरनं बाहेर बनून नेढ्यातनं आत आलेली. हमालाच्या पाठीवर माल चढवणारी एंझाइमं बाहेरची, कॉपी काढणारं यंत्र बाहेरचं, सुरुवात करून देणारे, पुढं ढकलणारे, थांबवणारे सगळे बाहेरचे. त्यामुळं "माइटोकॉन्ड्रिया स्वतःची प्रोटीन स्वतः बनवतो" हे वाक्य मला अर्धंच खरं वाटतं. रेसिपी तेवढी घरची, आचारी, भांडी, शेगडी सगळं बाहेरनं मागवलेलं. आणि रेसिपी आईची बरं का, अक्षरशः आईची, कारण हा डीएनए फक्त आईकडनं येतो, बापाच्या शुक्रजंतूतल्या तंतुकणिका बीजांडात गेल्यावर टिकत नाहीत.

एवढं सगळं झिजलं, लिंपलं, बदललं, तरी रायबोझोमचा गाभा, जिथं एक अमिनो आम्ल दुसऱ्याला जोडलं जातं ती खोबण, अजून जंतूसारखीच आहे. आणि बरीच अँटिबायोटिकं नेमकी तिथंच जाऊन बसतात.

क्लोरॅम्फेनिकॉल, पूर्वी टायफॉइडला सर्रास द्यायचे, ते जंतूच्या रायबोझोमच्या मोठ्या भागातल्या त्या खोबणीत बसतं. लिनेझोलिड पण तिथंच. डॉक्सिसायक्लिन छोट्या भागात. तंतुकणिकेबाहेर पेशीत जे मोठं रायबोझोम असतं त्यात ही औषधं नीट बसत नाहीत म्हणून आपण वाचतो, पण तंतुकणिकेच्यात थोडीफार बसतात. मग डॉक्सी खाणाऱ्या सगळ्यांच्या पायाला मुंग्या का येत नाहीत? कारण आधी बनवून बसवलेली यंत्रं लगेच मोडत नाहीत, काही दिवस चालतात. पाच-सात दिवसांचा कोर्स असला की नवीन भाग थोडे कमी पडले तरी जुन्यावर निभतं आणि गोळी थांबली की वर्कशॉप परत सुरू. पण टीबीचं तसं नाही. २०२४ मध्ये आपल्या सरकारनं मान्यता दिलेली जी नवी चार औषधांची पद्धत आहे, त्यात लिनेझोलिड सहा महिने रोज. चांगलीच पद्धत आहे, आधी हेच दीड-दोन वर्षं चालायचं, पण सहा महिने कारागिराचा हात बांधून ठेवला तर जुने तंबोरे एकेक करून बेसूर होणारच. मग ज्या पेशींना सारखी नवी यंत्रं लागतात त्या आधी बोंबलतात, हाडातला रक्त बनवणारा मगज (म्हणून हिमोग्लोबिन, प्लेटलेट उतरतात), डोळ्याची नस, आणि पायाच्या नसा. वीज कमी पडली की पेशी साखर अर्धवट जाळते, लॅक्टिक आम्ल वाढतं, ते पण याच गोळीचं ओळखीचं लक्षण.

कानाचं तर अजून विचित्र. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं कानाला जड हे सगळ्यांना माहीत आहे, पण काही घरांत दोन-चार सुयांतच माणूस ठार बहिरा होतो, आणि ते आईच्या बाजूनंच चालत येतं. १९९३ मध्ये त्याचं कारण सापडलं. त्या १६,५६९ अक्षरांतलं १५५५ वं अक्षर, ए च्या जागी जी. हे अक्षर रायबोझोमच्या छोट्या भागातल्या आरएनएतलं आहे, आणि तेवढ्या एका बदलानं तिथली खोबण परत जुन्या जंतूसारखी होते. कोट्यवधी वर्षांत जंतूपासनं जो फरक पडला होता तो एका अक्षरानं पुसला आणि औषध तिथं फिट्ट बसलं. त्यामुळं अशी इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधी आजोळी कुणाला सुईनंतर ऐकू येईनासं झालं होतं का ते आठवून डॉक्टरांना सांगायचं, आजोळी म्हणजे आई, मावशी, मामा, आजी. काका-आत्याकडचं यात धरायचं नाही.

आणि फक्त गोळीच फसते असं नाही, आपलं स्वतःचं शरीर पण फसतं. जंतू प्रोटीनची माळ सुरू करताना पहिला मणी जरा वेगळा घालतात, फॉर्माइल लावलेलं मेथिओनिन. आपल्या पांढऱ्या पेशी हा मणी वासानं ओळखतात, दिसला की जंतू आला म्हणून धावून जातात. तंतुकणिका पण अजून तोच मणी घालते, ती सवय गेली नाही. एरवी आत झाकलेलं असतं म्हणून काही होत नाही, पण मोठा अपघात झाला, मांडीचं हाड मोडलं, पेशी फुटल्या की हे सगळं रक्तात येतं, आणि जंतू एक पण नसताना शरीर जंतू शिरल्यासारखं पेटतं. २०१० मध्ये हे दाखवलं गेलं. हायवेवरच्या अपघाताच्या पेशंटला कल्चर निगेटिव्ह आणि तरी ताप, असं नातेवाईक वैतागून सांगतात तेव्हा मला आता हा मणी आठवतो. प्रत्येक वेळी हेच कारण असेल असं नाही अर्थात, ते डॉक्टर बघतील.

राहिला मावशींचा पाय. पायच का, हात का नाही आधी? पायाच्या नसेची पेशी असते कमरेच्या मणक्यापाशी आणि तिचा धागा जातो अंगठ्यापर्यंत, म्हणजे एकाच पेशीचा मीटरभर लांब दोरा. तंतुकणिकेचा बाहेरचा माल मुख्यतः वरती, पेशीच्या मुख्य भागात बनतो आणि तिथनं तंतुकणिका रांगत रांगत खाली जातात, पोचायला दिवस लागतात. वर्कशॉप बंद पडलं की शेवटच्या टोकाला आधी टंचाई, टेलएंडच्या शेताला कालव्याचं पाणी शेवटी पोचतं आणि आधी बंद होतं तसं. म्हणून तळपाय पहिला.

हे मी मावशींना सांगितलं, एवढं लांबवून नाही, एकच चप्पल, कालवा आणि जुना जंतू एवढ्यावर भागवलं. त्या म्हणल्या, "म्हंजे गोळीला माणूस आणि जंतू वळखायला आला न्हाई म्हणा की." कोर्स पूर्ण झाला, टीबी गेला, बधिरपणा बराच कमी झालाय पण टाचेला थोडा आहे अजून. आता त्या मागं पट्टा असलेली सँडल घालतात.